दूरसंचार कंपन्या आणि व्यापाऱ्यांचीं खाजगी जाळीं

कोल्हापुरांतील एखाद्या बँकेच्या शाखेंत खातेदार चेक देऊन पैसे मागतो. खिडकीमागचा कारकून कांहीं अक्षरें व आकडे यंत्रांत घालतो आणि दोन-चार क्षणांत पैसे मोजून खातेदाराच्या हातीं देतो. तेवढ्या अवधींत त्या खात्याची चौकशी कोल्हापुराहून निघून शेकडों किलोमीटरवरील मध्यवर्ती संगणकापर्यंत गेलेली असते व उत्तर घेऊन परतहि आलेली असते. कारण हल्लीं खात्याचा हिशेब शाखेच्या वहींत राहत नाहीं, तो एका ठिकाणच्या संगणकांत असतो. ही चौकशी कोणत्या वाटेनें गेली, हा प्रश्न खातेदाराला सहसा सुचत नाहीं. सुचलाच तर बँकेनें स्वतःची एखादी तार तेथवर घातलेली असावी, अशी त्याची समजूत होते. वस्तुस्थिति निराळी आहे. ज्या काचतंतूमधून ही चौकशी गेली, त्याच तंतूमधून त्याच क्षणीं एखाद्या साखर कारखान्याचे हिशेब, एखाद्या रुग्णालयांतील क्ष-किरणचित्रें, चपलांच्या दुकानांतील विक्रीच्या नोंदी आणि घरोघरीं पाहिले जाणारे चित्रपट हें सारें वाहत असूं शकतें. तरीहि कारखान्याच्या संगणकाला बँकेचा संगणक दिसत नाहीं, आणि बँकेच्या संगणकाला कारखान्याचा दिसत नाहीं. सामाईक तारांवर प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र जाळें असल्याचा अनुभव देणारी ही जी योजना, तिलाच व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, थोडक्यांत व्हीपीएन, असें नांव आहे. मराठींत तिला आभासी खाजगी जाळें म्हणतां येईल.

व्हीपीएन हा शब्द अलीकडे घरोघरीं ऐकूं येतो, तो मात्र बहुधा दुसऱ्या एका अर्थानें. मोबाइलवर एखादें ॲप घेऊन आपला ठावठिकाणा झांकण्याची जी सोय मिळते, तिलाहि तेंच नांव आहे. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं आदेश काढून, व्हीपीएन चालविणाऱ्यांनीं आपल्या गिऱ्हाइकांची माहिती पांच वर्षें जपून ठेवावी असें सांगितलें. तेव्हां व्यापारी संस्थांच्या अंतर्गत जाळ्यांचें काय, अशी शंका निघाली. त्यावर संस्थेनेंच पुढें खुलासा केला कीं, हा नियम सर्वसाधारण इंटरनेट-ग्राहकांना अशी सेवा विकणाऱ्यांपुरता आहे. संस्थांच्या स्वतःच्या व्यावसायिक व्हीपीएनला तो लागू नाहीं. एका नांवाच्या या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि येथील विवेचन दुसऱ्या वस्तूविषयीं आहे. तिच्या नांवांतील 'खाजगी' हा शब्द गिऱ्हाइकाला नेमकें कोणतें आश्वासन देतो व कोणतें देत नाहीं, हें व्यापाऱ्यानें जाणून घेणें अगत्याचें आहे. आणि ज्याचा पैसा व ज्याची माहिती त्या व्यापाऱ्याच्या हवालीं असते, त्या सामान्य गृहस्थालाहि हें कळलेलें बरें.

या धंद्याचा आरंभ भाड्याच्या तारांपासून झाला. एखाद्या पेढीला आपल्या दोन कचेऱ्या जोडावयाच्या असल्या कीं दूरसंचार खातें त्या दोहोंमध्यें एक तार कायमची राखून देई व तिचें भाडें घेई. तार बोलती असो वा मुकी, भाडें तेंच. चोवीस तास दाराशीं टांगा उभा करून ठेवावा आणि दिवसांतून दोनदां त्यांत बसावें, तशांतला हा प्रकार. त्यांत पुन्हा संख्येची अडचण मोठी. दहा कचेऱ्यांपैकीं प्रत्येक कचेरी दुसऱ्या प्रत्येक कचेरीशीं थेट जोडावयाची म्हटलें तर ४५ तारा लागतात. कचेऱ्या शंभर झाल्या कीं तोच आकडा ४,९५० वर जातो. खर्च वांचविण्यासाठीं साऱ्या कचेऱ्या मुख्य कचेरीलाच जोडल्या तर ९९ तारांत काम भागतें. परंतु मग धुळ्याच्या कचेरीला जळगांवशीं बोलावयाचें असलें तरी निरोप मुंबईस जाऊन परत येणार, आणि मुंबईची कचेरी बंद पडली कीं सगळाच व्यवहार मुका होणार.

या अडचणींतून मार्ग काढण्याचे प्रयत्न प्रथम टेलिफोनच्या क्षेत्रांत झाले. १९८५ सालीं अमेरिकेंतील एटी अँड टी कंपनीनें मोठ्या गिऱ्हाइकांसाठीं अशी सेवा सुरू केली कीं, तारा सर्वांच्या सामाईक, पण प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कचेऱ्यांना आपापसांत स्वतःचे क्रमांक फिरवून बोलतां यावें. संगणकांच्या संदेशांसाठीं १९९० नंतर फ्रेम रिले नांवाची पद्धत पसरली. तींत प्रत्यक्ष तारेच्या जागीं काल्पनिक तार आली आणि भाडें उतरलें. मात्र दोन कचेऱ्यांच्या प्रत्येक जोडीसाठीं एक काल्पनिक तार कंपनीच्या यंत्रांत मांडून द्यावीच लागे. शंभर कचेऱ्यांचा ४,९५० चा आकडा जमिनीवरून निघाला, पण तो नोंदींत जसाच्या तसा शिल्लक राहिला. नवी शाखा उघडली कीं जुन्या साऱ्या शाखांच्या नोंदींना हात लावणें आलें.

हा गुंता सुटला तो संदेश पुढें पाठविण्याच्या एका नव्या रीतीमुळें. संगणकाचा कोणताहि संदेश अखंड जात नसतो; त्याचीं लहान लहान पुडकीं केलीं जातात व प्रत्येक पुडक्यावर तें जावयाचें त्या संगणकाचा पत्ता असतो. वाटेंतील राउटर नांवाचीं यंत्रें तो पत्ता वाचून पुडकें पुढच्या यंत्राकडे ढकलतात. आतां रेल्वेनें जाणाऱ्या टपालाची व्यवस्था डोळ्यांपुढें आणावी. पुण्यास जमलेलीं नागपुरचीं पत्रें एका थैलींत घालून थैलीला चिठ्ठी बांधतात. वाटेंतल्या जंक्शनवरील माणूस थैली उघडून एकेका पत्राचा पत्ता वाचीत बसत नाहीं. थैलीवरची चिठ्ठी पाहतो आणि थैली योग्य गाडींत चढवितो. हीच युक्ति संगणकांच्या जाळ्यांत आणली गेली. सिस्को कंपनीनें १९९६ सालीं ती आपल्या यंत्रांत 'टॅग स्विचिंग' या नांवानें पुढें मांडली, आणि इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या मंडळानें जानेवारी २००१ मध्यें तिची रचना मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग, म्हणजे एमपीएलएस, या नांवानें प्रसिद्ध केली.

या पद्धतींत कंपनीच्या जाळ्याच्या वेशीवर एक राउटर असतो. गिऱ्हाइकाच्या कचेरींतून आलेलें पुडकें त्याच्या हातीं पडलें कीं तो त्यावर दोन चिठ्ठ्या लावतो. वरची चिठ्ठी पुडकें कोणत्या वेशीवर बाहेर पडावयाचें तें सांगते. खालची चिठ्ठी तें कोणत्या गिऱ्हाइकाचें आहे तें सांगते. मधलीं यंत्रें वरची चिठ्ठी तेवढी वाचतात. एवढेंच कीं प्रत्येक ठाण्यावर जुनी चिठ्ठी काढून पुढील ठाण्याला समजेल अशी नवी लावली जाते. खालच्या चिठ्ठीला मध्यंतरीं कोणी हात लावीत नाहीं. पलीकडील वेशीवर पोंचल्यावर ती वाचली जाते व पुडकें ज्याचें त्याच्या कचेरीकडे रवाना होतें. एकेक चिठ्ठी अवघी ३२ अंशांची, म्हणजे ३२ द्विमान अंकांची असते. त्यांतील २० अंक चिठ्ठीच्या क्रमांकासाठीं असून त्यांत १०,४८,५७६ निरनिराळे क्रमांक मावतात. या व्यवस्थेंत मोठी सोय अशी कीं, जाळ्याच्या गाभ्यांतील यंत्रांना गिऱ्हाइकांचीं नांवेंगांवें ठाऊक असण्याची गरजच उरत नाहीं. गिऱ्हाइकें वाढलीं तरी गाभा जशाचा तसा राहतो. वाढ होते ती वेशीवरील नोंदींत.

या चिठ्ठ्यांचा उपयोग करून व्यापाऱ्यांचीं जाळीं कशीं बांधावीं, याची पद्धत सिस्को कंपनीतील एरिक रोझेन व याकोव्ह रेख्टर या दोघांनीं मार्च १९९९ मध्यें लिहून प्रसिद्ध केली. फेब्रुवारी २००६ मध्यें तिची सुधारलेली आवृत्ति निघाली आणि जगभरच्या दूरसंचार कंपन्या या सेवेसाठीं तीच वापरूं लागल्या. भारतांत भारत संचार निगम, टाटा कम्युनिकेशन्स, एअरटेल इत्यादि कंपन्या एमपीएलएस व्हीपीएन या नांवानें जी सेवा विकतात, तिच्यामागचा विचार हाच.

या दोघांपुढें एक विलक्षण अडचण होती. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ अंशांचे असून ते सुमारें ४२९ कोटि एवढेच होतात. ते पुरणार नाहींत हें दिसूं लागल्यावर कांहीं पत्ते मुद्दाम बाजूला काढून ठेवण्यांत आले. संस्थेच्या आंतल्या आंत हे पत्ते कोणींहि वापरावेत, बाहेर मात्र ते चालावयाचे नाहींत, असा नियम फेब्रुवारी १९९६ मध्यें पक्का झाला. दहा या अंकानें सुरू होणारे सारे पत्ते त्यांत येतात. परिणाम असा झाला कीं, बँकेंत जो पत्ता एखाद्या संगणकाला दिलेला आहे, तोच पत्ता साखर कारखान्यांतहि एखाद्या संगणकाला दिलेला असतो. पुण्यास शनिवार पेठ आहे आणि साताऱ्यासहि शनिवार पेठ आहे. पत्रावर नुसतें 'शनिवार पेठ' लिहून तें पेटींत टाकल्यास टपालखात्यानें काय करावें? दोन्ही गिऱ्हाइकांचें टपाल एकाच कंपनीकडे आल्यावर तिची गत अशीच झाली असती.

यावर योजलेला उपाय साधा आहे. कंपनीच्या जाळ्यांत वाटांची माहिती फिरतांना गिऱ्हाइकाच्या प्रत्येक पत्त्यामागें ६४ अंशांचें एक उपपद जोडलें जातें. ३२ अंशांचा पत्ता त्यामुळें ९६ अंशांचा होतो, आणि पुण्याची शनिवार पेठ साताऱ्याच्या शनिवार पेठेहून वेगळी ओळखतां येते. शिवाय वेशीवरील राउटरांत प्रत्येक गिऱ्हाइकाची वाटांची वही निराळी असते. बँकेकडून आलेल्या पुडक्यासाठीं बँकेचीच वही उघडावयाची, कारखान्याच्या पुडक्यासाठीं कारखान्याची. बँकेच्या वहींत कारखान्याच्या वाटेची नोंदच नसल्यामुळें बँकेचें पुडकें तिकडे जाणें संभवत नाहीं. कोणती नोंद कोणत्या वहींत उतरवावी हें ठरविण्यासाठीं प्रत्येक नोंदीवर आणखी एक खूण असते. या खुणा कौशल्यानें मांडल्यास दोन निराळ्या संस्थांची ठराविक कामापुरती गांठहि घालून देतां येते. उदाहरणार्थ, मोटारीच्या कारखान्याला त्याला सुटे भाग पुरविणाऱ्या पेढ्यांचीं भांडारें दिसावींत, परंतु त्या पेढ्यांना एकमेकींचीं भांडारें दिसूं नयेत, अशी व्यवस्था करणें शक्य असतें.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें यांत झालेला लाभ उघड आहे. शंभर कचेऱ्यांसाठीं आतां ४,९५० जोड मांडावे लागत नाहींत. प्रत्येक कचेरी कंपनीच्या जवळच्या वेशीशीं एकदां जोडली कीं शंभर जोडांत काम संपतें, आणि कोणतीहि कचेरी दुसऱ्या कोणत्याहि कचेरीशीं सरळ बोलूं शकते. एकशेंएकावी शाखा उघडली तर एक जोड वाढतो; बाकीच्या शाखांत कांहीं फिरवावें लागत नाहीं.

याखेरीज कंपनी आणखी एक माल विकते, तो म्हणजे वचन. काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर वेगानें धांवतो. आठशें किलोमीटरची वाट तो एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चौपटींत ओलांडतो. तेव्हां संदेशाला जो उशीर होतो, त्याचा बराच भाग वाटेंतील यंत्रांपाशीं रांगेंत उभें राहण्यांत जातो. ही रांग सर्वांना सारखी लागू केली तर टेलिफोनवरचें बोलणें तुटक होतें, आणि रात्रीं पाठविलेल्या हिशेबाच्या गठ्ठ्याला मात्र थोड्या विलंबानें कांहींच अपाय होत नाहीं. म्हणून कंपनी पुडक्यांचे वर्ग पाडते: बोलण्याला पहिला मान, पैशाच्या व्यवहाराला दुसरा, इतर कामाला तिसरा. त्याप्रमाणें किती उशीर चालेल, किती पुडकीं गहाळ झालेलीं खपतील आणि सेवा शेंकडा किती काळ चालू राहील, यांचा करार होतो. करारांतले हे शेंकड्याचे आंकडे घरच्या घरीं ताडून पाहण्याजोगे असतात. तीस दिवसांच्या महिन्यांत ४३,२०० मिनिटें येतात. शेंकडा ९९.९ चें वचन असेल तर महिन्याकाठीं ४३ मिनिटें बंद राहण्याची कंपनीला मुभा असते, ९९.५ असेल तर ती ३ तास ३६ मिनिटांवर जाते. कागदावर अर्ध्याहून कमी टक्क्याचा फरक, पण बाजाराच्या दिवशीं त्याचा अर्थ दुकान अर्धा दिवस बंद असा होऊं शकतो.

येथवर पाहिलें तें सारें गिऱ्हाइकाच्या हिताचें आहे. आतां 'खाजगी' या शब्दाकडे वळावयास हवें. वर वर्णिलेल्या व्यवस्थेंत गिऱ्हाइकांचे व्यवहार परस्परांपासून वेगळे ठेवले जातात. वेगळेपणाचें हें काम ती चोख करते. परंतु थैलीला चिठ्ठी बांधणें निराळें आणि थैलीला कुलूप घालणें निराळें. एमपीएलएसच्या चिठ्ठ्यांमुळें पुडक्यांतील मजकूर झांकला जात नाहीं. तो जसा गिऱ्हाइकाच्या कचेरींतून निघाला, तसाच वाटेनें जातो. गिऱ्हाइकानें स्वतः सांकेतिक लिपींत बदलून पाठविला नसेल, तर तारेपर्यंत ज्याचा हात पोंचेल त्याला तो वाचतां येईल. कंपनीच्या नोकराकडून वेशीवरच्या वहींत एखादी खूण चुकीची पडली, तर एका गिऱ्हाइकाची वाट दुसऱ्याच्या वहींत उतरूं शकते, आणि ती चूक लक्षांत येईपर्यंत वेगळेपण केवळ नांवाचें उरतें. बहुतेक गिऱ्हाइकांची समजूत मात्र अशी असते कीं, खाजगी म्हणजे गुप्त, आणि आपण त्याचेच पैसे भरीत आहों.

या समजुतीची किंमत जगांतील मोठ्या संस्थांनाहि मोजावी लागली आहे. गूगल आणि याहू यांचीं प्रचंड संगणकगृहें निरनिराळ्या देशांत आहेत आणि तीं खास राखून घेतलेल्या काचतंतूंनीं जोडलेलीं आहेत. सामान्य माणूस आपल्या घरून या कंपन्यांकडे जी माहिती पाठवी, ती सांकेतिक लिपींत जाई. पण एका संगणकगृहाकडून दुसऱ्याकडे जातांना, दुवा आपलाच आहे या भरंवशावर, तिचा पुष्कळसा भाग उघडा जात असे. ३० ऑक्टोबर २०१३ रोजीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन पोस्ट या पत्रानें एडवर्ड स्नोडेन यांनीं बाहेर आणलेल्या कागदपत्रांच्या आधारें प्रसिद्ध केलें कीं, अमेरिकेचें एनएसए व ब्रिटनचें जीसीएचक्यू हीं हेरखातीं या दुव्यांतून माहिती उचलीत होतीं. कोणाच्याहि कुलपाला हात लावण्याचें त्यांना कारण पडलें नाहीं. त्या वाटेवर कुलूपच नव्हतें. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनीं आपल्या अंतर्गत दुव्यांवरची माहितीहि सांकेतिक करण्याचें काम नेटानें पुरें करण्याचें ठरविलें. एवढ्या सावध संस्था ज्या ठिकाणीं फसल्या, तेथें एखाद्या जिल्ह्याच्या गांवची पतसंस्था किंवा रुग्णालय फसणें मुळींच आश्चर्याचें नाहीं.

कुलूप घालण्याची सोय नवी नाहीं. आयपीसेक या नांवाच्या पद्धतीचे पहिले नियम ऑगस्ट १९९५ मध्येंच प्रसिद्ध झालेले आहेत. तींत पाठविणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या यंत्रांत किल्ली ठरते. पुडकें निघतांना सांकेतिक होतें, पोंचल्यावर उलगडतें, आणि वाटेंत त्यांत कोणी फेरफार केल्यास तो ओळखतां येतो. गिऱ्हाइकाला एमपीएलएसची वाट घेऊन तिच्यावरून असें कुलूपबंद पुडकें पाठवितां येतें. तसें केल्यास वेगळेपण कंपनीचें व गुप्तता स्वतःची, अशी दुहेरी तटबंदी होते. मात्र किल्ली कोणाजवळ आहे हें पाहावें लागतें. कुलपाची सारी यंत्रणा कंपनीनेंच बसविली व किल्ल्याहि तिनेंच संभाळल्या, तर परक्यापासून बचाव होतो. पण कंपनीपासून, किंवा कंपनीवर ज्याचा अधिकार चालतो त्याच्यापासून, कांहीं लपत नाहीं. तसेंच कुलूप घातल्यानें आंतील मजकूर झांकतो, पण कोणी कोणाकडे, केव्हां व किती पुडकीं पाठविलीं हें बाहेरून दिसावयाचें राहतें.

आपल्या देशांत या दोन्ही गोष्टींची सांगड घातल्याचें चांगलें उदाहरण बँकांच्या व्यवहारांतच सांपडतें. रिझर्व्ह बँकेनें १९९६ सालीं हैदराबाद येथें बँकिंग तंत्रज्ञानाच्या संशोधनासाठीं एक संस्था स्थापन केली. त्या संस्थेनें १९९९ सालीं 'इन्फिनेट' नांवाचें, बँका व वित्तसंस्था यांच्यापुरतें बंदिस्त, जाळें उभारलें. आरंभीं तें उपग्रहाच्या आधारें चाले. पुढें तें जमिनीवरील तारांवर व एमपीएलएस पद्धतीवर आलें. सभासदांखेरीज कोणालाहि त्यांत प्रवेश नसतां, २००१ सालीं बँकांतील निरोपांसाठीं जी पद्धत सुरू झाली, तिच्यांत निरोप सांकेतिक करणें आणि त्यावर पाठविणाऱ्याची डिजिटल सही असणें, या गोष्टींची तरतूद ठेवण्यांत आली. मार्च २००४ मध्यें मोठ्या रकमा तत्काळ पोंचविणारी आरटीजीएस योजना याच पायावर उभी राहिली. बंदिस्त वाट आहे, एवढ्यावर योजकांनीं विसंबून राहण्याचें नाकारलें; प्रत्येक निरोपानें आपली ओळख स्वतंत्रपणें पटवून द्यावी, असा दंडक त्यांनीं घातला. लहान संस्थांना हा धडा सहज उचलतां येण्याजोगा आहे.

अलीकडे या धंद्याला आणखी एक वळण लागलें आहे. २०१० नंतरच्या दशकांत एसडी-वॅन नांवाची पद्धत पुढें आली. तींत कचेरीच्या दाराशीं बसविलेलें यंत्र साध्या इंटरनेटच्या एक-दोन स्वस्त जोडण्या, आणि जेथें असेल तेथें एमपीएलएसची जोडणीहि, एकत्र वापरतें. प्रत्येक क्षणीं कोणती वाट मोकळी आहे हें पाहून पुडकीं त्या वाटेला लावतें. आणि इंटरनेटवरून जाणारीं पुडकीं सामान्यतः कुलूपबंद करूनच पाठवितें. इंटरनेटच्या सार्वजनिक वाटेवर विश्वास ठेवतां येत नाहीं हें सर्वांना ठाऊक असल्यामुळें तेथें कुलूप विसरलें जात नाहीं. विसर पडतो तो 'खाजगी' म्हटलेल्या वाटेवर. तथापि इंटरनेटची वाट वेळेचें वचन देत नाहीं, ही तिची उणीव कायम आहे. म्हणून कित्येक संस्था बोलणें व पैशाचे व्यवहार यांसाठीं कंपनीची वचनबद्ध वाट आणि बाकीच्या कामासाठीं इंटरनेट, असा मेळ घालतात. दूरसंचार कंपन्याहि आतां हीं दोन्ही मिळून एकच सेवा म्हणून विकूं लागल्या आहेत.

वाट वेगळी आणि कुलूप मजबूत असलें तरी एक धोका उरतोच. फेब्रुवारी २०१६ मध्यें बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या, न्यूयॉर्क येथील खात्यांतून ८ कोटि १० लक्ष डॉलर चोरांनीं फिलिपाइन्समध्यें वळविले. बँकांचे निरोप जगभर नेणाऱ्या स्विफ्ट या जाळ्याच्या तारा त्यांनीं वाटेंत कोठेंहि फोडल्या नाहींत. ते बँकेच्या स्वतःच्या संगणकांत शिरले व तेथूनच, रीतसर दिसणारे हुकूम रीतसर वाटेनें पाठविते झाले. तटाच्या आंत शिरलेल्या चोराला तटाची भिंत आडवी येत नाहीं. म्हणून संगणकावर बसणाऱ्या माणसाची ओळख, त्याला दिलेले अधिकार व त्याच्या कामाची दुसऱ्याकडून तपासणी या जुन्या कारकुनी शिस्तीचें महत्त्व नव्या तंत्रामुळें तिळमात्र कमी झालेलें नाहीं.

तेव्हां ज्या संस्थेला असें जाळें विकत घ्यावयाचें आहे, तिच्या चालकांनीं करारावर सही करण्यापूर्वीं कंपनीला चार प्रश्न विचारावेत. आमचीं पुडकीं इतरांपासून केवळ वेगळीं ठेवलीं जातील, कीं सांकेतिकहि केलीं जातील? सांकेतिक होणार असतील तर किल्ली कोणाजवळ राहील? महिन्यांतून किती मिनिटें सेवा बंद राहिलेली कराराला चालते, आणि त्याहून अधिक राहिल्यास भरपाई काय? आणि दुसरी पर्यायी तार म्हणून जी दाखविली जात आहे, ती पहिलीच्याच चरांतून तर येत नाहीं ना? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु रस्ता खोदणाऱ्याची कुदळ एका घावांत दोन्ही तारा तोडते, तेव्हां त्याचें मोल कळतें.

सामान्य खातेदाराला, रुग्णाला किंवा विमेदाराला हे करार पाहावयास मिळत नाहींत. तरी आपली माहिती कोणत्या वाटेनें जाते, तिला कुलूप आहे काय आणि किल्ली कोणाजवळ आहे, हें आपल्या बँकेला व रुग्णालयाला विचारण्याचा त्याला अधिकार आहे. गांवच्या सहकारी बँकेच्या वार्षिक सभेंत एखाद्या सभासदानें उठून हा प्रश्न विचारला, तर चालकांना त्याचें उत्तर शोधणें भाग पडेल. आणि तेवढ्यानेंहि पुष्कळ ठिकाणीं न बसविलेलें कुलूप बसविलें जाईल.